पैसे सरकारनं द्यावेत, निवड सरकारनं करू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता बरीच वर्षं इंग्लंडात मँचेस्टरच्या शेजारी बोल्टनला राहतो. तुमचा पेपर रोज सकाळी मोबाईलवर वाचतो. वाघनखं महाराष्ट्रात आली तेव्हापासून एक विषय डोक्यात आहे, परवा गावाकडच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटला म्हणून आज लिहायलाच बसलो. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर कापा, पण मुद्दा राहू द्या.

वाद असा की वाघनखं तीन वर्षांसाठीच का दिली, कायमची का नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपले तेव्हाचे सांस्कृतिक कार्य मंत्री सुधीर मुनगंटीवार लंडनला आले, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमशी करार झाला, जुलै २०२४ मध्ये नखं साताऱ्याच्या संग्रहालयात लोकांना बघायला ठेवली, नंतर नागपूरलाही नेली. ग्रुपवर सगळ्यांचं एकच म्हणणं, ब्रिटिश सरकारला एवढं काय जड आहे, त्यांच्या मंत्र्यानं एक सही केली की झालं. आणि इथंच आपली गल्लत होते, कारण इथल्या मंत्र्याच्या सहीनं ते होतच नाही. ते म्युझियम सरकारी पैशावर चालतं, तिथं आत जायला तिकीटही नाही, पण आतल्या वस्तू विश्वस्त मंडळाच्या ताब्यात आहेत आणि १९८३ च्या कायद्यानं त्या विश्वस्तांचेही हात बांधलेत, अगदी मोजके अपवाद सोडले तर संग्रहातली वस्तू कुणाला देऊन टाकता येत नाही. हा कायदा बदलावा असं मलाही वाटतं, लुटीच्या किंवा दबावाखाली गेलेल्या वस्तू परत द्यायला रस्ता असायलाच हवा, पण तो बदल पार्लमेंटनं करायचा, मंत्र्यानं फोन करून नाही.

त्याच प्रकरणातली अजून एक गोष्ट बघा. एवढा सरकारी समारंभ चालू होता, फोटो निघत होते, आणि तेच म्युझियम स्वतःच सांगत होतं की ही नखं म्हणजे महाराजांनी वापरलेलीच, याची खात्री देता येत नाही, ग्रँट डफ नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या साताऱ्यातल्या अधिकाऱ्याकडून ती आली आणि पेटीवर तसं लिहिलेलं आहे इतकंच. खरी की खोटी या वादात मी पडत नाही, तो इतिहासकारांचा विषय. पण सरकारी पैशावर चालणारी संस्था, सरकारचा कार्यक्रम चालू असताना, सरकारला अडचणीचं वाटेल असं खरं सांगू शकते, हे मला फार मोठं वाटलं. आपल्याकडं एखाद्या सरकारी संग्रहालयाच्या संचालकानं असं बोलून दाखवावं आणि त्याची बदली होऊ नये, असं व्हावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

तर हे सगळं इथं ज्या खात्याखाली येतं त्याला डीसीएमएस म्हणतात, म्हणजे संस्कृती, माध्यमं आणि खेळ या तिन्हीचं मिळून एकच खातं. १९९२ साली जॉन मेजर पंतप्रधान असताना ते राष्ट्रीय वारसा खातं म्हणून सुरू झालं, १९९७ ला ब्लेअर आल्यावर आताचं नाव मिळालं, मधे २०१७ ला त्यात डिजिटल घुसवलं, २०२३ ला परत काढून विज्ञान खात्याला दिलं. म्युझियम, नाटक, संगीत, जुन्या इमारती, बीबीसी, खेळ, लॉटरी, जुगाराचे नियम, पर्यटन, पब्लिक लायब्रऱ्या असं बरंच काही त्यात येतं. यातलं बरंचसं फक्त इंग्लंडपुरतं, स्कॉटलंड आणि वेल्स आपापलं बघतात. २०२४ पासून लिसा नंदी मंत्री आहेत, आमच्या शेजारच्या विगनच्या खासदार, वडील मूळचे कोलकात्याचे.

आपल्याकडं हेच काम वाटलेलं आहे. नाटक आणि लोककला सांस्कृतिक कार्य विभागाकडं, खेळ शालेय शिक्षण व क्रीडा विभागाकडं, वाचनालयं उच्च व तंत्रशिक्षणाकडं, मराठी भाषेचा विभाग वेगळा, सरकारी प्रसिद्धी माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडं. सगळं एकत्र आणा, एक मोठं खातं करा अशी सूचना लोक करतात. मला ते दुय्यम वाटतं. पाटी एक असो की पाच, पैसा कोण देतो आणि तो कुणाला जायचा हे कोण ठरवतं, ही दोन माणसं वेगळी आहेत का, एवढंच बघायचं. इथल्या खात्याकडून घेण्यासारखं जे आहे ते हेच आहे, आणि इथं जे बिघडतं तेही नेमकं हे अंतर कमी झालं की बिघडतं.

नाटक-संगीताचं घ्या. सरकार एकरकमी पैसे आर्ट्स कौन्सिलला देतं, ही संस्था १९४६ पासूनची, म्हणजे खात्याच्या आधीची. कुठल्या नाटक कंपनीला किती द्यायचे ते कौन्सिल ठरवते, मंत्री नाही. २०२३ ते २०२६ या काळासाठी त्यांनी साधारण हजारेक संस्थांना वर्षाला ४४ कोटी ६० लाख पौंड जाहीर केले आणि कुणाला किती त्याची पूर्ण यादी कुणालाही बघता येते. मी बघितलीय, आमच्या इथल्या थिएटरचं नाव शोधलं, त्यापुढं आकडा होता, त्याच्या खालच्या-वरच्या सगळ्यांचे आकडे होते. तीन वर्षं पैसे येणार हे आधी माहीत असलं की माणूस पुढच्या सीझनचं नाटक आज ठरवू शकतो, नट बांधून घेऊ शकतो, शाळेच्या पोरांसाठी वर्कशॉप लावू शकतो. आपल्या नाट्यसंस्था अनुदानाचा पुढचा हप्ता कधी पडेल याच्या वाटेवर डोळे लावून बसतात, त्यांना विचारा ही तीन वर्षांची खात्री म्हणजे काय चीज आहे.

आता खेळाचं, कारण ते सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला ब्रिटनला फक्त एक सुवर्ण मिळालं, रोइंगमध्ये रेडग्रेव्ह आणि पिन्सेंटचं, आणि पदकतक्त्यात देश ३६ व्या नंबरवर गेला. इथं हाहाकार झाला. पण लॉटरी १९९४ च्या नोव्हेंबरला सुरू झालेली होती, तिच्या तिकिटातला ठरावीक हिस्सा चांगल्या कामांना जातो, त्यातले २० टक्के खेळाला, २० कलेला, २० वारशाला आणि उरलेले ४० आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, धर्मादाय कामांना. १९९७ ला यूके स्पोर्ट ही संस्था आली आणि खेळाडूंना थेट, महिन्याच्या महिन्याला पैसे मिळायला लागले, कोच, फिजिओ, प्रवास सगळं त्यात आलं, मेडल मिळायच्या चार-आठ वर्षं आधीपासून. सिडनीला ११ सुवर्णं, बीजिंगला १९, लंडनला २९, रिओत २७ आणि एकूण ६७ पदकं घेऊन चीनच्याही वर दुसरा नंबर. वीस वर्षांत ३६ वरून २. हे मंत्र्यांनी भाषणं करून झालेलं नाही, कुणाला पैसे द्यायचे हे ज्यांना खेळ कळतो त्यांनी ठरवलं म्हणून झालं.

इथं मला खाशाबा जाधवांची आठवण येतेच. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते १९४८ ला याच लंडनला आले होते, मातीतला पैलवान पहिल्यांदा मॅटवर खेळला आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर परत पैसे नाहीत, गावोगाव वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक पदक मिळालं ते थेट २०२४ ला पॅरिसमध्ये, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेला. ७२ वर्षं! या दोघांच्या मधे सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, स्वप्नील क्रीडा प्रबोधिनीतनंच घडला आणि प्रबोधिनी ही सरकारचीच योजना आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण पदक आल्यावर कोटीत बक्षीस जाहीर होतं, मिरवणूक निघते, फ्लेक्स लागतात, आणि त्याच वेळी कुठंतरी एक चौदा वर्षांची पोरगी जुनी रायफल उसनी आणून सराव करत असते, तिच्या गोळ्यांचा खर्च बाप उसाचं बिल आलं की देतो. बक्षिसाचा पैसा जिंकलेल्याला मिळतो, जिंकायच्या आधी लागणारा पैसा मिळत नाही. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे. तिच्यातला आणि नंतर बक्षिसांसाठी काढून ठेवायच्या पैशातला एक हिस्सा कायद्यानंच खेळ आणि कलेसाठी बांधून दिला, आणि वाटप खेळाडू-कोच-कलावंतांच्या स्वतंत्र मंडळाकडं दिलं, तर कुठल्या मंत्र्याच्या मेहरबानीवर ते राहणार नाही. लॉटरीचा पैसा गरिबाच्याच खिशातनं जास्त येतो ही अडचण इथंही आहे आणि ती मला मनापासून खुपते, म्हणून निदान तो परत गरिबाच्याच पोराच्या शूजवर खर्च व्हावा.

पण इथलं सगळं छान असं कुणी समजू नका. यूके स्पोर्टनं पदकांचा हिशोब इतका कडक ठेवला की रिओत मार्कस एलिस आणि ख्रिस लँगरिज यांनी बॅडमिंटनचं ब्राँझ आणलं तरी काही महिन्यांत बॅडमिंटनचा सगळा निधी काढून घेतला. बास्केटबॉलचा तर त्याच्या आधीच गेला होता, जो खेळ इथल्या शहरांतली गरीब पोरं सगळ्यात जास्त खेळतात. आणि जिम्नॅस्टिक्समध्ये लहान मुलींचे जे हाल झाले, उपाशी ठेवणं, दुखापतीवर सराव करायला लावणं, ते २०२२ च्या ॲन व्हाइट यांच्या रिपोर्टमध्ये आलं तेव्हा वाचवत नव्हतं. तो रिपोर्ट खेळाच्या निधी देणाऱ्या संस्थांनी स्वतःच करून घेतला आणि लोकांसमोर ठेवला, एवढी एक गोष्ट त्यांच्या बाजूची. आपल्या तालमी-अकादम्यांमध्ये पोरींच्या बाबतीत काय चालतं याचा असा रिपोर्ट आपण कधी केलाय का? करायला हवा.

आता फुटबॉलचं सांगतो, कारण ते मी जवळून बघितलंय आणि कोल्हापूरच्या माणसाला ते लगेच कळेल. आमच्या शेजारी बेरी नावाचं गाव आहे, त्यांचा क्लब १८८५ चा, १९०० आणि १९०३ ला एफए कप जिंकलेला. २०१८ च्या शेवटी कुणीतरी तो एका पौंडाला विकत घेतला, पगार थकले, आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगनं क्लबला बाहेर काढलं. त्या आठवड्यात मी गिग लेन ग्राउंडवर गेलो होतो, ऑफिसातला एक मित्र बेरीचा, तोच घेऊन गेला. गेटला कुलूप आणि गेटभर स्कार्फ बांधलेले, बेरीचे निळे-पांढरे तर होतेच पण दुसऱ्या क्लबांचेही. एक म्हातारे गृहस्थ खुर्ची घेऊन आले होते, गेटसमोर बसून होते, कुणाशी बोलत नव्हते. माझा मित्र चाळीशीचा बाप्या माणूस, त्याला रडू आवरेना, म्हणाला माझ्या आज्जानं मला इथं पहिल्यांदा आणलं होतं आणि आता मी माझ्या पोराला कुठं नेऊ. पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळ यातला आपला एखादा फुटबॉल संघ उद्यापासून नाही, शाहू स्टेडियमला कुलूप, असं झालं तर आपल्या पेठांचं काय होईल ते डोळ्यासमोर आणा.

तेव्हा खातं काही करू शकलं नाही, कारण क्लबचा मालक कोण असावा हे ठरवायचा सरकारला कायद्यानं अधिकारच नव्हता. मग लोकांनी रेटा लावला, खासदार ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली २०२१ ला चौकशी झाली, चाहत्यांचं म्हणणं गोळा झालं, दोन वेगवेगळ्या पक्षांची सरकारं आली-गेली आणि जुलै २०२५ ला कायदा झाला. आता फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आहे, क्लब विकत घेणाऱ्याची चौकशी होणार, ग्राउंड परस्पर विकता येणार नाही, क्लबचा रंग आणि बोधचिन्ह बदलायचं तर चाहत्यांना विचारावं लागणार. सहा वर्षं लागली. बेरीच्या लोकांनी त्या आधीच गिग लेन परत मिळवलं आणि २०२३ पासून तिथं पुन्हा खेळ सुरू झाला, खालच्या डिव्हिजनमध्ये, पण झाला. खात्याचं खरं काम मला इथं दिसतं, क्लब चालवायचा नाही, संघ निवडायचा नाही, पण लोकांची शंभर वर्षांची गोष्ट एका माणसाच्या खिशात जाणार नाही असा नियम करायचा.

आणि लगेच त्याच नियामकाच्या बाबतीत गडबडही झाली. अध्यक्ष म्हणून डेव्हिड कोगन यांना नेमलं आणि नंतर निघालं की त्यांनी लिसा नंदींना पूर्वी पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीसाठी देणगी दिली होती. रक्कम मोठी नव्हती, २९०० पौंड, पण नेमणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या आयुक्तांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम मोडल्याचं लिहून दिलं आणि मंत्र्यांना माफी मागावी लागली. त्याआधी कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारच्या काळात बीबीसीचे अध्यक्ष रिचर्ड शार्प यांना एप्रिल २०२३ मध्ये राजीनामा द्यावा लागला, कारण नेमणुकीच्या वेळी तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या कर्जाच्या प्रकरणातला आपला सहभाग त्यांनी पूर्ण उघड केला नव्हता. म्हणजे पक्ष कुठलाही असो, आपला माणूस बसवायचा मोह सगळ्यांनाच होतो. फरक एवढाच की इथं त्यावर बाहेरचा एक आयुक्त आहे, त्याचा अहवाल छापला जातो, आणि खुद्द बीबीसी आपल्याच अध्यक्षाची बातमी रात्रीच्या बुलेटिनला पहिली लावते. बीबीसीला पैसे लोकांच्या लायसन्स फीमधून मिळतात, एप्रिल २०२५ ला ती घरटी वर्षाला १७४.५० पौंड झाली होती, पण ती फी किती ते सरकार ठरवतं आणि तिथंही दबाव टाकता येतो, टाकला जातोही. आपल्या साहित्य संस्कृती मंडळावर, वेगवेगळ्या महामंडळांवर, पुरस्कार समित्यांवर सरकार बदललं की माणसं बदलतात हे तुम्हाला मी काय सांगू. त्या नेमणुकांची जाहिरात निघावी, अर्ज यावेत, निवड का केली ते दोन ओळीत तरी जाहीर व्हावं, यात अशक्य काय आहे?

मंत्र्यानं अंतर सोडलं की काय होतं त्याचं अजून एक उदाहरण आमच्या मँचेस्टरचंच आहे. २०२२ साली तेव्हाच्या मंत्री नादिन डॉरिस यांनी आर्ट्स कौन्सिलला सांगितलं की लंडनचा पैसा बाहेर वळवा. हेतू चांगलाच होता, लंडनला सगळं आणि बाकी देशाला उरलंसुरलं अशी इथली जुनी तक्रार आहे, मुंबई-पुणे आणि बाकी महाराष्ट्र तसंच. पण कौन्सिलनं घाईघाईत इंग्लिश नॅशनल ऑपेराचं नियमित अनुदानच काढून टाकलं आणि लंडन सोडा म्हणून सांगितलं, शेकडो वादक-गायकांचं काय होणार याचा विचार नाही, मग आरडाओरडा, मग मुदतवाढ, शेवटी त्यांनी मँचेस्टरला यायचं ठरवलं. आम्हाला ऑपेरा मिळतोय याचा आनंद आहे. पण ज्या वादकांनी घर-पोरांची शाळा सगळं लंडनला लावलंय त्यांच्या जिवावर हे करायला नको होतं, बाहेरच्या गावांसाठी वेगळा पैसा आणायला पाहिजे होता.

लायब्रऱ्यांच्या बाबतीत तर उलटं झालं, तिथं हात घालायला हवा होता तेव्हा घातला नाही. १९६४ च्या कायद्यानं गावच्या कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, चांगली लायब्ररी चालवलीच पाहिजे आणि ती चालवते की नाही हे मंत्र्यानं बघितलं पाहिजे. २००९ ला लिव्हरपूलजवळच्या विरलमध्ये कौन्सिल लायब्रऱ्या बंद करायला निघालं तेव्हा अँडी बर्नहॅम मंत्री होते, जे पुढं आमच्या ग्रेटर मँचेस्टरचे महापौर झाले, त्यांनी चौकशी बसवली आणि कौन्सिलनं निर्णय मागं घेतला. नंतर पैशाची कपात आली, आमच्या बोल्टनमध्येही लायब्रऱ्या बंद झाल्या, लोकांनी तशीच चौकशी मागितली, बसली नाही. देशभर शेकडो गेल्या. कायदा तोच, फक्त वापरणारा नाही. आपल्याकडं १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, गावोगाव अ-ब-क-ड वर्गाची वाचनालयं आहेत, ग्रंथपाल नाममात्र पगारावर काम करतात, आणि तरीही ती टिकून आहेत, गावातल्या चार माणसांच्या हट्टावर. माझं सगळं वाचन अशाच एका वाचनालयात झालं, तिथल्या बाई संध्याकाळी पुस्तक बदलून देताना आधीचं खरंच वाचलं का ते विचारायच्या. त्या लोकांकडं सरकारनं बघायला पाहिजे ते हे अंतर सोडून, जवळ येऊन.

कुठं लांब राहायचं आणि कुठं जवळ यायचं, यात आपलं नेमकं उलटं चाललंय असं मला वाटतं. सगळ्यात मोठं उदाहरण नाटकाचं. हौशी राज्य नाट्य स्पर्धा सरकार १९५४ पासून घेतंय, देशात असं दुसरं काही मला तरी माहीत नाही, खेड्यापाड्यातल्या किती नटांना त्या स्पर्धेनं उभं केलं. कॉलेजात असताना आम्हीही उतरायचो. ज्येष्ठ कलावंतांचं मानधन २०२४ पासून महिना ५००० केलं तेही चांगलं केलं, तमाशातल्या, भजनातल्या किती म्हाताऱ्या माणसांचं औषध त्यावर चालतं. हे सगळं करणारं सरकार, आणि त्याच सरकारचा नियम की नाटकाची स्क्रिप्ट आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाला दाखवा, प्रमाणपत्र आणा, मग प्रयोग करा. आमच्या एका एकांकिकेच्या वेळी सगळ्यांनी मिळून झेरॉक्सचे पैसे जमवले, स्क्रिप्ट पाठवली, आणि तालीम करताना दिग्दर्शक सारखा सांगायचा, हे वाक्य नको, हे अडेल, ते नको, तेही अडेल. मंडळानं काही कापायच्या आधी आम्हीच कापून मोकळे झालो होतो. वीस वर्षांच्या पोरांना लिहायच्या आधीच घाबरायला शिकवायचं, याच्याइतकं नुकसान दुसरं नाही.

नाटकांवर नजर ठेवायचा कायदा इंग्रजांनी १८७६ साली आपल्याकडं आणला. त्यांच्या स्वतःच्या देशात १७३७ पासून नाटकाची स्क्रिप्ट राजाच्या अधिकाऱ्याला दाखवावी लागायची, ती पद्धत त्यांनी १९६८ ला कायमची बंद केली. तेव्हापासून इथं कुणीही कसलंही नाटक करतं, राणीवर केलं, पंतप्रधानांवर केलं, कायदा मोडला तर नंतर कोर्ट आहे. इंग्लंड काही बुडालं नाही. आणि आपण, ज्यांच्या मातीत वग आणि लोकनाट्यातनं राजाला भर चौकात सुनावायची परंपरा आहे, आपण अजून शिक्क्याची वाट बघतो. अमोल पालेकरांनी २०१६ ला यावर हायकोर्टात याचिका केली, तो त्यांचा एकट्याचा प्रश्न नव्हता. हा नियम काढायला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, सांस्कृतिक कार्य विभागानं आणि गृह विभागानं मनावर घेतलं तर या वर्षात होईल.

आमच्या कोल्हापूरचं शेवटी सांगतो. शाहू महाराजांनी खासबाग मैदान आणि पॅलेस थिएटर शेजारी शेजारी बांधलं, एका बाजूला कुस्ती, एका बाजूला नाटक. खातं वगैरे काही नव्हतं, पण संस्कृती आणि खेळ एकाच राजाच्या तिजोरीतनं आणि एकाच भिंतीला लागून. त्या थिएटरचं पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. मी इथं फोनवर बघत होतो, रात्री झोप लागली नाही. पुन्हा उभारायला सरकारनं पैसे जाहीर केले, कामही चालू झालं, त्याबद्दल सरकारचे आभार. माझी मागणी एवढीच आहे की नवीन नाट्यगृह कसं चालवायचं, तारखा कुणाला कशा द्यायच्या, भाडं किती, आग विझवायची यंत्रणा दर वर्षी कुणी तपासायची, हे ठरवायला रंगकर्मी, पडद्यामागचे कामगार, प्रेक्षक आणि महापालिका यांचं कायमचं विश्वस्त मंडळ नेमा आणि त्यांचा जमाखर्च दर वर्षी पेपरात छापा. राजकीय कार्यक्रम आला की नाटकाची तारीख रद्द, हा प्रकार त्या इमारतीत तरी परत होऊ नये.

आणि तुमच्याकडं एक मागणी, संपादक साहेब. गेल्या तीन वर्षांत तुमच्या प्रत्येक जिल्ह्यात कुठल्या नाट्यसंस्थेला, कुठल्या तालमीला, क्रीडा मंडळाला, वाचनालयाला सरकारी अनुदान किती मंजूर झालं आणि त्यातलं हातात किती पडलं, याची यादी माहितीच्या अधिकारात मागवून एक पान छापा. पहिला अर्ज मी करायला तयार आहे, कोल्हापूर आणि सातारा जिल्ह्याचा मसुदा लिहून ठेवलाय, अर्ज दाखल करायला तिथला माझा भाऊ तयार आहे.

आपला,
एक वाचक
बोल्टन, इंग्लंड (मूळ गाव कोल्हापूर)